सोळाशे मीटर आणि ऐकीव समजुती

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की विजयदुर्ग-गिर्ये रस्त्यावर, अजून पुरते उजाडलेही नसताना, पंचक्रोशीतील उमेदवार मुलगे व मुली धावू लागतात. मुलग्यांना सोळाशे आणि मुलींना आठशे मीटर अंतर शक्य तितक्या कमी वेळात कापावयाचे असते, आणि त्या थोड्या मिनिटांवर घरच्या कित्येक वर्षांच्या आशा टांगलेल्या असल्यामुळे ती रोज छाती फुटेस्तोवर धावतात. त्यांच्या निष्ठेविषयी मला मनापासून आदर आहे. परंतु दोन महिन्यांनी ‘टायमिंग बसत नाही’ अशी जी तक्रार कानी येते, तिचे मूळ बहुधा श्रमांच्या चुकीच्या मांडणीत असते, आणि ती मांडणी काही ऐकीव समजुतींवर उभी असते.

ऐकीव गोष्ट किती खोल रुजते याचा दाखला आमच्या किल्ल्यातच आहे. हेलियमचा शोध १८६८ साली येथून लागला असे अभिमानाने सांगितले जाते. वास्तविक हा शोध ज्या दोन खगोलशास्त्रज्ञांच्या नावे सांगितला जातो, त्यांपैकी जान्सेन यांनी १८ ऑगस्ट १८६८ चे सूर्यग्रहण गुंटूरहून पाहिले, लॉकियर त्या दिवशी इंग्लंडात होते, आणि ते विजयदुर्गास आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. गावाची ही समजूत निरुपद्रवी आहे. धावण्याविषयीच्या समजुती मात्र उमेदवाराचे वर्ष वाया घालवतात.

त्यांतील सर्वांत घातक ही की, जलद धावावयाचे तर रोज जलदच धावले पाहिजे, संथ धावण्याने पाय जड होतात. वस्तुस्थिती अशी आहे की आठशे मीटरच्या शर्यतीत लागणाऱ्या एकूण शक्तीपैकी सुमारे दोन-तृतीयांश, आणि पंधराशे-सोळाशे मीटरमध्ये जवळजवळ चार-पंचमांश किंवा त्याहूनही अधिक शक्ती प्राणवायूच्या साहाय्याने उत्पन्न होते. अर्थात हृदय, रक्त आणि स्नायूंतील केशवाहिन्या यांचे सामर्थ्य येथे निर्णायक ठरते, आणि ते सामर्थ्य, सोबत्याशी बोलता येईल अशा चालीने दीर्घकाळ धावल्याने, महिनोन्महिने हळूहळू वाढत जाते. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड आठशे मीटरच्या धावपटूलाही आठवड्याला शंभर मैल धावावयास लावीत. त्यांच्या पीटर स्नेलने १९६० साली रोम ऑलिंपिकमध्ये आठशे मीटरचे आणि १९६४ साली टोकियोला आठशे व पंधराशे अशी दोन्ही सुवर्णपदके मिळविली. आपल्या मुलांनी शंभर मैलांचा हट्ट धरण्याचे कारण नाही. आठवड्यातून चार दिवस सड्यावरच्या रस्त्याने पाच-सहा किलोमीटर, गप्पा मारीत, एवढी तजवीज पुष्कळ झाली.

वेगाचा सराव हवाच, पण तो आठवड्यातून दोनदा आणि तुकड्यातुकड्यांनी. समजा, एखाद्याला सोळाशे मीटरला सहा मिनिटे लागतात, म्हणजे चारशे मीटरची फेरी ९० सेकंदांची पडते. ५ मिनिटे ४० सेकंद गाठावयाचे तर ती ८५ सेकंदांत पडली पाहिजे. ही चाल सलग चार फेऱ्या टिकविणे त्याला आज अशक्य आहे, पण दर फेरीनंतर दोन मिनिटे चालून दम घेतला तर तशा पाच फेऱ्या तो मारू शकतो, आणि शरीराला त्या चालीचा परिचय होतो. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डला ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत मैल धावणारा रॉजर बॅनिस्टर अशाच रीतीने पाव मैलाच्या दहा फेऱ्या मारीत असे. त्या फेऱ्यांची वेळ ६१ सेकंदांवर अडून राहिली, तेव्हा धावणे बंद करून तो काही दिवस स्कॉटलंडच्या डोंगरांत निघून गेला, आणि परतल्यावर त्याच फेऱ्या ५९ सेकंदांत पडल्या. विश्रांती म्हणजे कामचुकारपणा असे मानणाऱ्या मुलांना ही हकिकत मी आवर्जून सांगतो.

त्याच शर्यतीत आणखी एक गोष्ट घडली. पहिल्याच फेरीत बॅनिस्टरने पुढे धावणाऱ्या ख्रिस ब्रॅशरला ‘आणखी जलद’ असे ओरडून सांगितले. ब्रॅशरने चाल बदलली नाही, आणि ती फेरी ५७.५ सेकंदांत, म्हणजे हवी त्याहून जलदच पडली होती! ताजे पाय माणसाला असे फसवितात. शिट्टी होताच उधळून आघाडी घेतली की काम फत्ते, ही समजूत तिसऱ्या फेरीत पोटऱ्यांना गोळे आले म्हणजे उमगते. पण तोवर उशीर झालेला असतो. सोळाशे मीटरच्या चारही फेऱ्या जवळजवळ समान पडणे हाच सर्वांत कमी खर्चाचा मार्ग आहे.

वाळूत धावल्याने वेग वाढतो असेही आमच्या किनाऱ्यावर सर्वजण मानतात. कोरड्या, भुसभुशीत वाळूत धावण्यास कठीण जमिनीच्या मानाने सुमारे १.६ पट शक्ती खर्ची पडते, हे खरे. परंतु तेथे पाऊल रुतून रेंगाळते, आणि मैदानावर हवी असलेली झटपट उसळी पायांना मिळत नाही. ओहोटीच्या वेळची ओली, घट्ट पुळण संथ धावण्यास उत्तम. मात्र ती समुद्राकडे कललेली असते, म्हणून जितके जावे तितकेच त्याच वाटेने परत यावे.

दुसऱ्या दिवशीची अंगदुखी लॅक्टिक आम्लाने होते, हेही खरे नव्हे. ते साधारण तासाभरात रक्तातून निघून जाते, आणि अंग दुखते ते स्नायूंतील सूक्ष्म इजांमुळे.

धावपटू जन्मावा लागतो, लहानपणीच सुरुवात हवी, असे म्हणून विशीतली मुले खचतात. बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे महार रेजिमेंटमध्ये भरती होऊन सियाचिनला राहून आला, आणि त्यानंतर, वयाच्या विशीत, स्पर्धेच्या धावण्याकडे वळला. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटे ११.२० सेकंदांत त्याने रौप्यपदक मिळविले, आणि सुवर्ण अवघ्या ०.०५ सेकंदाने हुकले.

चाचणीच्या आदल्या आठवड्यात नवे काही कमावता येत नाही. सराव निम्म्यावर आणावा आणि शेवटचे दोन दिवस केवळ चालावे. बॅनिस्टरने शर्यतीपूर्वी पाच दिवस पूर्ण विश्रांती घेतली होती. चाचणीसाठी विजयदुर्गाहून सिंधुदुर्गनगरीचा प्रवास लांबचा, तेव्हा रात्रभर जागून पहाटेची गाडी पकडण्यापेक्षा आदल्या दुपारीच निघून तेथे कोणा नातलगाकडे मुक्काम करावा, आणि पोटभर जेवून लवकर निजावे.