निवत्या भट्टीवरचा केक

पुण्याहून रात्री सुटलेली ट्रॅव्हल्स जालना, देऊळगाव राजा, चिखली करत सकाळी बुलढाण्यात पोचते. दिवाळी असो नाहीतर मे महिना, उतरणाऱ्यांत एक तरी नमुना असा असतोच: पाठीला लॅपटॉपची सॅक, डोळ्यांत अर्धी झोप आणि हातात जिवापाड सांभाळलेला कयानीचा खोका. ईस्ट स्ट्रीटवर रांगेत उभं राहून मिळवलेला मावा केक आहे राव, चेष्टा नाही! घरी कौतुक होतं, नाही असं नाही. पण तासाभरात आई फडताळातून स्टीलचा डबा काढते. आत नानकटाई, रव्याची बिस्किटं आणि वर कागदाच्या वाटीत बसलेले चार केक. ‘‘हे खाऊन पाह्य. परवाच भट्टीवरून आणले.’’

तर आज या भट्टीवर जाऊ या. बुलढाणा, चिखली, मेहकर, खामगाव... अशा गावांच्या जुन्या वस्तीत पाटी बेकरीची असली, तरी लोकांच्या तोंडी भट्टीच. पुढे दुकान, मागे विटांची भट्टी, वर किंवा शेजारी घर. कणीक मळणारा, भट्टीशी उभा राहणारा आणि गल्ल्यावर बसणारा, तिघांची आडनावं बहुतेक वेळा एकच.

इथला केक आपल्या कॉफी शॉपमधल्या कपकेकसारखा नटलेला नसतो. डोक्यावर क्रीमचा डोंगर नाही, चमचमणारे मणी नाहीत. पिवळसर, मधोमध फुगून किंचित तडकलेला, कडेला खरपूस. कागद सोलताना थोडा केक कागदालाच चिकटतो, तो दातांनी खरवडून खायचा. लाजायचं नाही! आकाराने मात्र हा अस्सल कपकेकच. हा शब्द छापील पाककृतींत आला तो १८२८ साली, अमेरिकेच्या एलायझा लेस्लीबाईंच्या पुस्तकात. त्याला ग्लॅमर आलं फार नंतर. न्यूयॉर्कमध्ये १९९६ साली सुरू झालेली मॅग्नोलिया बेकरी ‘सेक्स अँड द सिटी’ या मालिकेत झळकली आणि जगभर कपकेकचं वेड पसरलं. आपल्याकडे कागदातला केक त्याच्या कितीतरी आधीपासून चहासोबत हजर होता. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनसमोरच्या मेरवानचा मावा केक घ्या. दुकान १९१४ सालचं. पुण्याची कयानी १९५५ ची, इराणी कुटुंबाची. तिथे भट्टी लाकडावर, आणि मागणी कितीही असली तरी दुपारी शटर खाली! वेलदोड्याचा वास आणि खव्याचा ओलसर जडपणा ही या केकची ओळख. खव्यामुळेच तो दोन-तीन दिवस कोरडा पडत नाही, आणि रात्रभराच्या बस प्रवासालाही पुरून उरतो.

पण कयानी आपल्या नावावर चालते. गल्लीतली भट्टी कशावर चालते, हे पाहायचं तर पहाटेपासून सुरुवात करावी लागेल. लाकडं आतच पेटवतात. विटा चांगल्या तापल्या की निखारे बाजूला ओढायचे, लांब काठीला बांधलेलं ओलं पोतं आतल्या फरशीवरून फिरवायचं आणि आधी पाव आत सरकवायचे. पावाला आच कडक लागते. पाव निघाले की भट्टी हळूहळू निवू लागते, आणि नाजूक मंडळींचा नंबर लागतो: नानकटाई, बिस्किटं, केक. कडक आचेत केक वरून करपतो आणि आत कच्चा राहतो, म्हणून त्याने थांबायचं. अगदी शेवटी उरलेल्या उबेत शिळ्या ब्रेडचे काप. सकाळी त्यांचे टोस्ट झालेले असतात. म्हणजे बघा, लाकडाचे पैसे पावाने आधीच भरलेले. केक भाजला जातो तो जवळपास फुकटच्या उष्णतेवर. आपल्या ऑफिसातल्या एकाही कॉस्ट कटिंग मीटिंगमध्ये इतकी देखणी आयडिया निघालेली नाही!

याच निवत्या वेळात गल्लीतल्या बायका डबे घेऊन येतात. मैदा, रवा, पिठीसाखर, तूप सगळं घरचं. बेकरीवाल्याने मळायचं, भाजायचं आणि किलोमागे मजुरी घ्यायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि दिवाळीच्या तोंडावर तर नंबर लागतात. ट्रेवर नावाची चिठ्ठी ठेवलेली असते, तरी माउली तिथून हलत नाही. कारण साधं आहे. तिने साजूक तूप आणलंय आणि शेजारच्या ट्रेमध्ये डालडा आहे. चिठ्ठी उडाली तर? मग काकू, ताई, भाभी बाकावर बसून आपापल्या ट्रेवर नजर ठेवतात, आणि तेवढ्यात कुणाचं लग्न ठरलं, कुणाची पोरगी पुण्याला लागली, ही सगळी बातमी फिरते. नेटवर्किंग म्हणतात ते हेच.

आता या उरलेल्या उबेवरच गदा येऊ घातली आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. मुंबईची हवा पाहता त्यात गैर काही नाही. भट्टीच्या तोंडाशी उभं राहणाऱ्याच्या छातीतही तो धूर जातोच. पण जे मुंबईत झालं ते उद्या चिखलीत आलं तर? नव्या ओव्हनचा खर्च आहेच. त्याहून मोठी गोम वेगळी आहे. गॅस बटणासरशी बंद होतो. विटा रात्रभर धरून ठेवतात तशी ऊब त्यात शिल्लक राहत नाही. चार किलो नानकटाईसाठी मग मुद्दाम ओव्हन तापवावा लागेल, आणि तो खर्च मजुरीवर चढेल. मजुरी वाढली की आई म्हणणार, ‘‘त्यापेक्षा पुडाच आणू.’’ पुडा तर आत्ताही कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात लटकलेला आहे. मला विचाराल, तर भट्टीला खरी भीती धुराच्या नियमाची कमी आणि या पुड्याची जास्त आहे.

तेव्हा पुढच्या वेळी गावी गेलात, की आईला नुसता खोका देऊन झोपू नका. तिचा डबा उचला आणि तिच्याबरोबर चला. रेल्वेने येणाऱ्यांनी मलकापूरला उतरून एसटी धरावी. बुलढाणा शहराला रेल्वे नाही, पण मोताळ्यानंतरचा राजूर घाट झोप उडवायला पुरेसा आहे. गर्दीच्या दिवसांत भट्टीवर आदल्या दिवशी विचारून ठेवा, तूप मोजून न्या आणि परतीसाठी घट्ट झाकणाचा डबा ठेवा. केक गरम असताना झाकण लावू नका, आत घाम सुटून कागद भिजतो. आणि ट्रे बाहेर आला की चिठ्ठीवरचं नाव आधी वाचा. शेजारच्या भाभीही तुमच्याच ट्रेकडे बघत असतील.