विश्लेषण : पहिला रेंजफाइंडर कॅमेरा घेताना काय तपासाल?

रेंजफाइंडरमध्ये दृश्य लेन्समधून नव्हे, तर वेगळ्या खिडकीतून दिसते. मधल्या चौकटीतील दोन प्रतिमा एकमेकींवर जुळल्या की फोकस झाला. त्यामुळे लेन्सवर झाकण राहिले तरी कळत नाही.

जुना घेताना काय पाहावे?
दूरच्या टॉवरवर इन्फिनिटीला फोकस करा. प्रतिमा जुळल्या नाहीत, तर दुरुस्तीचा खर्च धरा. लेन्समध्ये टॉर्च मारून बुरशी तपासा.

कोणता निवडावा?
१९६६ मध्ये आलेल्या याशिका इलेक्ट्रो ३५ ची लेन्स बदलता येत नाही. त्याची मूळ मर्क्युरी बॅटरी आता बनत नाही, अ‍ॅडॉप्टर लागतो. लेन्स बदलायच्या असतील तर लायका ‘एम’ माउंट घ्या. १९५४ पासूनच्या बहुतेक ‘एम’ लेन्स आजच्या बॉडीवरही चालतात. सुरुवातीला ३५ किंवा ५० मिमीची एकच लेन्स पुरेशी आहे.