मधल्या काळाचं काम

नंदुरबारच्या बाजार समितीत मिरचीचा हंगाम लागला की ओल्या लाल मिरचीच्या गाड्यांची रांग लागते. लिलाव होतो, मापाडी वजन पुकारतो, पावती फाटते, तोवर मागची गाडी काट्याला येऊन भिडलेली असते. या धांदलीत गाड्या लावून घेणारा, हमालांना हाका मारणारा एखादा पदवीधर पोरगा दिवसभर थकत नाही. संध्याकाळी त्यालाच हिशेबाच्या वहीवर बसवा. दोन रकाने भरेपर्यंत आकडे इकडचे तिकडे होतात आणि स्पर्धा परीक्षेचं पुस्तक तर महिनाभर त्याच पानावर उघडं असतं. घरचे म्हणतात, ‘कुठंच टिकत नाही.’

अशा काहींच्या मागे एडीएचडी असतो. मेंदूच्या वाढीशी निगडित असलेला हा विकार मोठेपणीही पुष्कळांची पाठ सोडत नाही. मोठ्या माणसाचं निदान करताना काही लक्षणं वयाच्या 12 वर्षांआधीपासून होती का, हे डॉक्टर पाहतात. परीक्षा जवळ आल्यावर उडालेलं लक्ष म्हणजे एडीएचडी नव्हे. इथं लक्ष असतं, पण हवं तेव्हा हवं तिथं वळवता येत नाही. सहा महिन्यांनी मिळणाऱ्या फळाची ओढ मेंदूला पुरत नाही. समोर घडणारं, लगेच संपणारं काम मात्र त्याला जागं ठेवतं.

म्हणून परीक्षा आणि नोकरी यांच्या मधल्या काळात काम निवडताना पगार आणि प्रतिष्ठेच्या आधी एक गोष्ट बघावी: दिवसाची सुरुवात कोण करून देतं? घरी बसून आपल्या सवडीने डेटा भरण्याचं काम वरवर सोयीचं वाटतं, पण या माणसासाठी ते सर्वांत वाईट. ठरल्या वेळी हजेरी, अवतीभोवती माणसं, हातपाय हलते आणि संध्याकाळी काय झालं ते डोळ्यांना दिसणारं, असं काम हवं. आपल्या जिल्ह्यात ते हंगामाने येतं. मिरची वाळवण्याच्या पथाऱ्या आहेत, डिसेंबरच्या सुमारास सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा आहे. हंगामी कामाला शेवट ठरलेला असतो, हा इथं गुणच. ‘कंटाळून सोडलं’ असा शिक्का बसण्याआधी काम आपोआप संपतं.

सरसकट मात्र नको. वेगाने फिरणाऱ्या यंत्राजवळचं किंवा रात्रभर गाडी चालवण्याचं काम टाळलेलं बरं; एडीएचडीत अपघातांचा धोका वाढतो. आणि धडगाव, अक्कलकुव्यातून ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांच्या स्थलांतराला कुणी ‘मधलं काम’ म्हणू नये. तिथं निवड नसते.

कार्यालयाचा अनुभव हवा असणाऱ्यांसाठी 2024 मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्यांना महिना 6 हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकांना 8 हजार आणि पदवीधरांना 10 हजार रुपये विद्यावेतन तिच्यात ठरलं होतं. अशा ठिकाणी गेलात, तर तोंडी सांगितलेलं काम लगेच कागदावर उतरवून घ्या आणि महिन्याचं काम आठवड्या-आठवड्याने दाखवायची परवानगी वरिष्ठांकडे मागा. त्यासाठी निदान जाहीर करायची गरज नाही. दिव्यांग हक्क कायदा, 2016 मधल्या 21 प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, स्वमग्नता आहे. एडीएचडीचं स्वतंत्र नाव नाही. त्यामुळे केवळ एवढ्या निदानावर आरक्षण मिळेल, या आशेवर राहू नका.

घरच्यांनी ‘टिकत नाही’ म्हणायच्या आधी पोरगा कुठल्या कामावर टिकला आणि कुठल्या कामावर उखडला, ते नीट आठवावं आणि डॉक्टरांनाही तेच सांगावं. औषध लागलंच तर मानसोपचारतज्ज्ञाच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये. कुठून सुरुवात करायची ते कळत नसेल, तर 14416 हा टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे. फोन फुकट लागतो आणि मराठीत बोलता येतं.