खोललेल्या इंजिनाचा फोटो

आपल्या वस्त्यांतून गॅरेजात कामाला जाणारी माणसे कमी नाहीत. कोणी रिक्षा दुरुस्त करतो, कोणी मोटारसायकल, कोणी एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये फिटर आहे. दिवसभर ही माणसे जे करतात ते इंजिनाच्या पोटात बंद होऊन जाते. गवंड्याने बांधलेली भिंत निदान उभी राहते. मेस्त्रीने हेड बसवून नट आवळले की त्याचे काम कोणाला दिसत नाही. उरते ती गिऱ्हाइकाची शंका. "रिंगा खरंच बदलल्या, की जुन्याच पुसून बसवल्या?"

या शंकेला तोंडी उत्तर देऊन भागत नाही. भांडण वाढते, मजुरी अडते, आणि शेवटी मालक हेल्परवरच डाफरतो. फोटो असेल तर गोष्ट वेगळी. पूर्वी छत्तीस फोटोंचा रोल परवडत नसे, आज बहुतेक हेल्परच्या खिशात मोबाईल आहे. तरीही गॅरेजात आम्ही पाहिलेले बरेचसे फोटो पुरावा म्हणून कुचकामी होते. पिस्टनवर पांढरा झगझगीत डाग, कडेला अर्धा अंगठा, मागे टायर आणि चहाचे ग्लास. ओरखडा कुठे आहे ते फोटो काढणाऱ्यालाच सांगावे लागते!

भाग धुण्यापूर्वी पहिला फोटो काढावा, हे आम्ही आग्रहाने सांगू. मळ हीच खरी माहिती असते. चार स्ट्रोक मोटारसायकलचा प्लग पाहा. टोक फिकट तपकिरी असेल तर जळण ठीक आहे. कोरडी काळी काजळी असेल तर बहुधा पेट्रोल जास्त येत आहे. ओले, तेलकट काळे असेल तर रिंगांतून किंवा व्हॉल्व्हच्या सीलमधून ऑइल वर चढते आहे. टोक पांढुरके पडले असेल तर इंजिन फार तापत असावे. एकदा रॉकेलने धुतले की यातले काहीच उरत नाही.

त्याआधी लेन्स पुसावी. ग्रीसच्या बोटांनी मोबाईल हाताळला की लेन्सवर चिकट थर बसतो आणि फोटो धुक्यातला वाटतो. कळकट फडक्याने पुसू नये, त्यातला लोखंडाचा बारीक कीस काचेला ओरखडतो. मऊ, स्वच्छ सुती कापड वेगळे ठेवावे.

आता फोकस. मोबाईल भागाच्या अगदी जवळ नेला की साध्या कॅमेऱ्याची नजर बसत नाही. वीतभर अंतरावर थांबावे आणि तिथून झूम करून दुप्पट मोठे घ्यावे. पडद्यावर जिथे ओरखडा दिसतो नेमके तिथे बोट टेकवावे. पुष्कळ मोबाईलमध्ये बोट दाबून धरले की फोकस तिथेच अडकून राहतो, आणि मग उजेडही कमीजास्त करता येतो. चकाकत्या धातूसाठी तो थोडा कमीच ठेवावा.

पण बोट टेकवून सगळे साधत नाही. जवळून काढलेल्या फोटोत स्पष्ट दिसणारा पट्टा फार अरुंद असतो. त्याच्या पुढचे आणि मागचे धूसर होते. पिस्टन टेबलावर उभा ठेवून वरून फोटो काढला तर माथा स्वच्छ येतो आणि खालचा स्कर्ट पुसट. ऑइल कमी पडून पिस्टन घासला असेल तर खुणा असतात त्या स्कर्टवर! म्हणून पिस्टन आडवा ठेवावा, घरंगळू नये म्हणून दोन नटांच्या मध्ये अडकवावा, आणि घासलेली बाजू मोबाईलच्या पाठीला समांतर आणावी. क्रँकशाफ्टचेही तसेच. टोकाकडून काढला तर पहिले जर्नल दिसते, बाकीची अंधारात जातात. बाजूने काढला तर सगळी दिसतात. हात थरथरत असेल तर कोपर टेबलावर टेकवून दोन सेकंदांचा टायमर लावावा.

फ्लॅश शक्यतो बंदच ठेवावा. तेलकट धातूवर समोरून उजेड पडला की तो आरशासारखा परत येतो. दारातून येणारा आडवा उजेड सगळ्यांत चांगला. तो नसेल तर दिव्यापुढे, काचेपासून थोड्या अंतरावर, बटर पेपर धरावा. उजेड बाजूने पडला की प्रत्येक ओरखड्याला सावली येते आणि खोली कळते. ठोकून उमटवलेले नंबर वाचता येत नसतील तर त्यांवर खडू घासून वरवर पुसावे, आकड्यांत पांढरे उरते. असा फोटो कुर्ल्याच्या किंवा पुण्यात नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानाला पाठवला तर चुकीचा भाग येण्याचा धोका कमी होतो. शेजारी स्टीलची पट्टी मात्र ठेवावी. तीही भागाच्याच उंचीवर, नाहीतर माप फसवते.

मांडणीबद्दल लोक उगाच घाबरतात. एका फोटोत एकच गोष्ट सांगावी, एवढे पाळले तरी पुष्कळ. भागाखाली साधा खाकी कागद अंथरावा, चारी बाजूंना थोडी जागा सोडावी. आधी पूर्ण इंजिन, मग तो भाग जिथे बसतो ती जागा, मग भाग जवळून. पहिले दोन नसतील तर तिसरा कोणत्याही गाडीचा असू शकतो, असे गिऱ्हाईक म्हणेल आणि ते खोटे नाही.

जोडणीच्या वेळी तर हे फोटो मेस्त्रीच्याच उपयोगी पडतात. मेन बेअरिंगच्या कॅपा आपापल्या जागी बसवूनच भोक कातलेले असते, म्हणून त्यांची अदलाबदल चालत नाही. व्हॉल्व्हही आपापल्या सीटवर घासून बसलेले असतात. पुठ्ठ्याला भोके पाडून ते क्रमाने खोचावेत आणि इंजिनाची पुढची बाजू बाणाने दाखवून फोटो घ्यावा. टायमिंगच्या खुणांचा फोटो अगदी समोरून काढावा. तिरका काढला तर जुळलेली खूणही सरकलेली वाटते. मात्र बोअर किती झिजले हे बोअर गेजच सांगेल. तिरक्या फोटोत चांगले बोअरही लंबगोल दिसते, त्यावरून खर्च सांगणे आम्हाला पटत नाही.

बहुतेक मेस्त्री फोटोतून आपले हात बाजूला काढतात. आम्हाला हे खटकते. लुईस हाइन या अमेरिकन छायाचित्रकाराने आधी कारखान्यांत राबणाऱ्या लहान मुलांचे फोटो काढून बालमजुरीविरुद्धच्या चळवळीला बळ दिले होते. पुढे १९२० मध्ये त्याने वीजघरातल्या एका मेकॅनिकचा फोटो काढला. मोठा पाना घेऊन वाकलेला तरुण, आणि त्याच्या पाठीचा बाक गोल यंत्राशी जुळलेला. तो सहज टिपलेला नव्हता, विचार करून रचलेला होता. यंत्र आणि माणूस, दोघेही त्यात पुरते दिसतात. आपल्या मेस्त्रीनेही नवी रिंग चढवताना एक फोटो शेजाऱ्याकडून काढून घ्यावा. ज्याच्याकडे आय.टी.आय.चा कागद नाही त्याला नव्या गॅरेजात काम मागताना दाखवायला काहीतरी हवे ना!

मालकाला आणि गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय फोटो इतरांना पाठवू नयेत, पाठवताना गाडीचा नंबर झाकावा. आणि मोबाईल हरवला की सगळे जाते, म्हणून महिन्यातून एकदा फोटो तारखेनुसार दुसरीकडे उतरवून ठेवावेत. घरात शिकणारी मुलगी असेल तर हे काम तिच्याकडे द्यावे. प्रत्येक फोटोला नाव देताना ती विचारीलच, बाबा, हा व्हॉल्व्ह की टॅपेट?