टिळकांनी सोडलेली दुसरी भाकरी

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे नाव निघाले की १८९५ सालची गोष्ट सांगितली जाते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी जन्मलेल्या या चित्पावन कवीने त्या वर्षी १० फेब्रुवारीला मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि जातगोत, सोयरेधायरे सगळेच दुरावले. पत्नी लक्ष्मीबाईंशी काही वर्षांची ताटातूट झाली. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रामुळे हे दुःख मराठी घराघरांत पोहोचले. १९१७ सालचा त्याग मात्र फारसा कुणी आठवत नाही. मला तो पहिल्याइतकाच मोठा वाटतो.

मधली वर्षे अहमदनगरची. टिळक अमेरिकन मराठी मिशनमध्ये होते. सेमिनरीत शिकवत, पुढे ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाचा मराठी विभाग सांभाळत. मिशनच्या पगारावर संसार चालला होता. याच काळात त्यांनी ख्रिस्ती उपासनेत अभंग, भजन आणि कीर्तन रुजवले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. मग ज्या गावांना तुकोबा तोंडपाठ, त्या गावांपुढे परक्या चालींची गाणी कशाला?

पण चाल बदलून भागत नव्हते. मिशनचा पगारी उपदेशक बोलू लागला की ऐकणाऱ्याला त्याच्या पाठीमागे गोरा साहेब दिसे. शब्द मराठी असले तरी आधार परका होता. म्हणून १९१७ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, टिळकांनी नोकरी आणि पगार सोडला, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. आपल्याच मंडळींच्या मांडवातून उठून उघड्यावर जाण्यासारखे ते होते.

वेळ फार थोडा मिळाला. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक गेले. दरबार त्यांच्या मागे फार काळ टिकला नाही. त्यांच्या ‘ख्रिस्तायन’ या काव्याचे साडेदहा अध्याय लिहून झाले होते, पुढचे चौसष्ट लक्ष्मीबाईंनी रचून ते पुरे केले.

संस्था मोडली म्हणून टिळकांचे पाऊल चुकले, असे मी मानत नाही. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये त्यांची भजने आजही म्हटली जातात. शेजाऱ्याला श्रद्धा सांगायची तर आधी त्याच्या बरोबरीने जमिनीवर बसावे लागते, हे टिळकांनी स्वतःची भाकरी पणाला लावून दाखवले. आजच्या ख्रिस्ती सेवकाने त्यांचे अभंग गावेत आणि आपली भाकरी कुणाच्या आधारावर आहे, हेही स्वतःला विचारावे.