बारावीच्या जागेवर एमबीए

महाराष्ट्रातल्या पोलीस भरतीच्या मैदानी चाचण्या जून २०२४ मध्ये सुरू झाल्या. १७ हजार ४७१ जागा आणि १७ लाख ७६ हजारांवर अर्ज, हे आकडे तेव्हा सगळ्यांना पाठ झाले होते. त्यावरचे उसासेही टाकून झाले. मला खटकतं ते दुसरंच. शिपाईपदासाठी बारावी पुरते, तरी रांगेत अभियंते होते, एमबीए होते. मग वरची चार-पाच वर्षं यांनी कशासाठी घातली?

‘शिकलास तर साहेब होशील’ या घरोघरच्या वाक्याला अर्थशास्त्रात भारदस्त नाव आहे: मानवी भांडवल. अर्थतज्ज्ञ गॅरी बेकरना १९९२ साली नोबेल मिळालं, त्यामागे हा विचार होता. शिकलं की माणसाची कुवत वाढते, कुवतीला बाजार पैसे मोजतो. ऐकायला गोड आहे.

मायकेल स्पेन्स या अमेरिकी अर्थतज्ज्ञानं १९७३ साली एक आगाऊ प्रश्न विचारला. समजा, कॉलेजात काहीच शिकवलं जात नाही. तरीही पदवीधराला जास्त पगार मिळेल का? त्यानं गणित मांडून दाखवलं, की मिळू शकतो. समोरचा उमेदवार कामाचा आहे की नाही, हे मालकाला मुलाखतीत कळत नाही. पण हुशार, चिकाटीच्या मुलाला पदवी कमी कष्टात मिळते, इतरांना ती महाग पडते. म्हणून मालक पदवी बघून अंदाज बांधतो. पदवी म्हणजे ज्ञान नव्हे, खूण. या कामाबद्दल २००१ साली स्पेन्सलाही नोबेल मिळालं, ॲकरलॉफ आणि स्टिग्लिट्झ या अर्थतज्ज्ञांसोबत.

आता हे गणित आपल्याकडे आणून बघा. खुणेची किंमत ती दुर्मीळ असेपर्यंतच. गावात एकच बी. ए. होता तेव्हा त्याच्या घरावर पाटी लागायची. आज तालुक्याला दोन-तीन कॉलेजं आहेत, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात गाइड आणलं तरी भागतं. सगळेच चाळणीतून खाली पडायला लागले, की मालक बारीक भोकांची चाळणी आणतो. बी. ए. नंतर एम. ए., मग नेट-सेट, मग स्पर्धा परीक्षा. पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिका, मेस, कॉट बेसिसवरच्या खोल्या आणि टेस्ट सिरीज हा सगळा या बारीक होत जाणाऱ्या भोकांवर चालणारा धंदा आहे. तिथे हमखास कमाई होते ती घरमालकांची. पोरं जागा निघायची वाट बघत बसतात आणि वय निघून जातं.

इथे एक आकडा नेहमी फेकला जातो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या मार्च २०२४ मधल्या अहवालानुसार २०२२ साली देशातल्या पदवीधर तरुणांत बेरोजगारी २९.१ टक्के होती, लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत फक्त ३.४ टक्के. म्हणजे शिकून बेकार होण्यापेक्षा न शिकलेलं बरं? छे! बेरोजगार कोणाला म्हणतात? जो काम शोधतोय किंवा करायला तयार आहे, पण ज्याच्या हाताला काम नाही, त्याला. अडाणी पोराला असं थांबणं परवडत नाही. तो उद्या सकाळी मजूर अड्ड्यावर उभा राहतो आणि मोजणीत रोजगारवाला ठरतो. थांबायला बापाची दोन एकर लागतात, नाहीतर भावाचा पगार. पदवीधराची बेकारी ही बऱ्याचदा घरच्यांनी पोसलेली प्रतीक्षा असते.

आणि ज्यांना त्या रांगेतून जागा मिळते, त्यांचं खरोखर भलं होतं, हेही कबूल करायला हवं. महिन्याच्या महिन्याला पगार, घरासाठी कर्ज, लग्नाच्या बाजारात भाव. म्हणूनच बाकीचे हटत नाहीत.

मैदानावर मात्र स्पेन्ससाहेबांची खूण चालत नाही. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावायचं, मग शंभर मीटर आणि गोळाफेक. पन्नास गुणांच्या या चाचणीत एमबीएला एकही जादा गुण नाही. त्यातून एका जागेमागे दहा जण निवडायचे आणि त्यांना बसवायचं लेखी परीक्षेला, शंभर गुणांच्या.