लाकडाला लाकूड धरते : कोंडाणे-कार्ल्याची लेणी आणि जपानी विहारांचे सांधे

पनवेल हे एके काळी बैलगाडीच्या चाकांसाठी नावाजलेले गाव होते. बोरघाट उतरून बंदराकडे येणाऱ्या आणि माल भरून पुन्हा घाट चढणाऱ्या गाड्यांना येथे चाके मिळत. तो धंदा आता राहिलेला नाही. परंतु लाकडी चाक ज्यांनी जवळून पाहिले असेल त्यांना त्याची रचना आठवेल. मध्ये तुंबा, तुंब्याच्या भोकांत ठोकून बसवलेले आरे, आऱ्यांच्या बाहेरच्या टोकांवर पाटे आणि सर्वांवर तापवून चढवलेली लोखंडी धाव. धाव थंड होताना आकसते आणि आतले सर्व सांधे आवळले जातात. आरा तुंब्यात धरून राहतो तो खिळ्याने नव्हे, सरसाने तर नव्हेच. एका लाकडाला भोक आणि दुसऱ्याच्या टोकाला त्या भोकात नेमकी बसणारी कूस, एवढेच त्याचे रहस्य.

हेच तत्त्व घेऊन पूर्वीच्या सुतारांनी मोठमोठे विहार आणि चैत्य उभे केले. आपल्या भागातील ते लाकडी विहार केव्हाच नाहीसे झाले. पण त्यांची नक्कल आपल्या डोंगरांत दगडात कोरून ठेवलेली आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी कार्ल्याची लेणी पाहिली आहेत, सहलीला गेलेल्या मुलांनी भाजेही पाहिले असेल. पण लेणी म्हणजे पाथरवटाचे काम, एवढ्यावरच आपण थांबतो. ती सुताराच्या नजरेने पाहावयास हवीत, असे माझे मत आहे.

कर्जत तालुक्यात, राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाणे येथे इसवी सनापूर्वीची लेणी आहेत. चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर 'कण्हाचा शिष्य बलक याने केले' अशा अर्थाचा ब्राह्मी लेख आहे. शेजारच्या विहाराच्या छताकडे मान वर करून पाहावे. डोंगर कोरून केलेल्या छताला खरे म्हणजे तुळईची गरज नाही. वरचा कातळ स्वतःच स्वतःला धरून आहे. तरीही तेथे एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत गेलेल्या सुमारे दीड फूट खोलीच्या तुळया कोरलेल्या आहेत आणि दोन तुळयांमध्ये बारीक कड्याही दाखवल्या आहेत. ज्यांनी जुन्या वाड्यातला कडीपाट पाहिला आहे त्यांना हे छत ओळखीचे वाटेल. बाहेर दर्शनी भागावर तुळयांची पुढे आलेली टोकेसुद्धा दगडात काढली आहेत. कोरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर प्रत्यक्ष लाकडी इमारत असल्याशिवाय हे तपशील येणार नाहीत.

भाजे येथील चैत्यगृह यापेक्षा अधिक बोलके आहे. ते सुमारे ५९ फूट लांब असून त्यात २७ अष्टकोनी खांब आहेत. हे खांब सरळ उभे नाहीत, वर जाताना आतल्या बाजूला कलले आहेत. पाथरवटाचा हात चुकला असे कोणी समजू नये. कमानीसारखे वाकवलेले वासे ज्या लाकडी मंडपावर टेकतात, त्या मंडपाच्या खांबांना वासे बाहेर ढकलत असतात. त्या रेट्याला तोंड देण्यासाठी सुतार खांब आत कलते रोवीत असे. दगडात तो रेटा नाही, पण सवय मात्र जशीच्या तशी उतरली.

छतालगतचे वाकडे वासे मात्र दगडाचे नाहीत, ते खरोखरच लाकडाचे आहेत. त्यांतील काही वाशांवर ब्राह्मी अक्षरांतील लहान लेख असल्याचे पुरातत्त्वज्ञ म. न. देशपांडे यांनी उजेडात आणले. इसवी सनापूर्वीच्या वळणाच्या त्या अक्षरांमुळे हे लाकूड लेण्याइतकेच जुने आहे, कोणी मागाहून बसवलेले नाही, हे सिद्ध झाले. कार्ल्यालाही तसेच. १२४ फूट लांब आणि ४५ फूट रुंद अशा त्या प्रचंड दालनाच्या छताला जुने लाकडी वासे आहेत, आणि स्तूपावरचे छत्रही लाकडाचे आहे. जवळजवळ दोन हजार वर्षांचे लाकूड आपल्या डोक्यावर असते आणि आपण खाली खांबांवरचे हत्ती मोजत असतो!

कार्ल्याच्या दात्यांची नावे भिंतींवर आणि खांबांवर कोरलेली आहेत हे अनेकांना ठाऊक आहे. त्यांत धेनुकाकट गावच्या एका सुताराचेही नाव आहे : वेणुवासाचा मुलगा सामी. लेखात त्याला 'वढकी' म्हटले आहे. विदर्भात आजही सुताराला वाढई म्हणतात, तो याच कुळातला शब्द. या वढकीने लेण्याच्या दाराचे काम केले असे लेख सांगतो. दगडाच्या लेण्यात सुताराने काम केले आणि त्याचे नाव श्रेष्ठींच्या नावांबरोबर नोंदले गेले, याचे मोल आपल्या विद्यार्थ्यांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

परंतु लेण्यांची एक मर्यादा आहे. त्यांत सांध्याचे बाहेरचे रूप दिसते, आतले दिसत नाही. तुळईचे टोक खांबात किती खोल गेले होते, तेथे खुंटी होती की पाचर, दोन तुळया लांबीत कशा जोडल्या होत्या, हे कातळ सांगत नाही. दगडात प्रत्यक्ष सुतारी सांधा पाहावयाचा तर सांचीला जावे लागते. तेथील स्तूपाच्या कठड्याचे खांब, आडव्या सूची आणि वरचे उष्णीष हे सुटे दगड असून भोक आणि कूस करून एकमेकांत बसवले आहेत. दगडाला ही पद्धत सोयीची मुळीच नाही, तरी पाळली आहे. पण तो झाला कठडा. मोठ्या तुळईचा सांधा आतून कसा असतो हे पाहावयाचे असेल तर ज्या देशात बौद्ध विहार लाकडातच बांधले गेले आणि लाकडातच टिकवले गेले तेथे, म्हणजे जपानकडे वळले पाहिजे.

येथे एक खुलासा करतो. जपानी सुतार कार्ल्याला येऊन शिकून गेले असे कोणी समजू नये. धम्म तेथे चीन आणि कोरियामार्गे गेला. कोरियातील बेक्जे राज्यातून इ. स. ५७७ मध्ये विहार बांधणारा कारागीर आणि पुन्हा ५८८ मध्ये सुतार व कौले करणारे कारागीर जपानला पाठवल्याची नोंद जुन्या जपानी इतिहासात आहे. त्यांचे सांधे हे चिनी-कोरियन परंपरेतले, त्यावर जपान्यांनी आपली भर घातली. समान आहे ती गरज : मोठा संघ एकत्र बसेल असे दालन, मोठे छत, आणि त्यासाठी लांब तुळया.

लांब तुळई ही सुताराची सर्वांत मोठी अडचण. झाड जितके उंच तितकीच तुळई. त्याहून लांब हवी तर दोन लाकडे टोकाला टोक लावून जोडावी लागतात. जपानी सुतार अशा लांबीतल्या जोडाला 'त्सुगीते' म्हणतात, आणि खांबाला तुळई मिळते तशा कोनातल्या जोडाला 'शिगुची'. त्सुगीतेचे अनेक प्रकार आहेत. सर्वांत साधा तो पारव्याच्या पसरलेल्या शेपटीसारखी कूस करून दुसऱ्या लाकडातल्या तशाच खाचेत वरून उतरवायचा. ओढले तर शेपूट अडकते. त्याहून मजबूत तो 'कामा-त्सुगी'. यात कुसेला लांब मान आणि पुढे रुंद डोके असते.

खऱ्या भाराच्या तुळईला मात्र हे पुरत नाही. तेथे 'ओक्काके-दाइसेन' नावाचा सांधा करतात. दोन्ही टोके लांबवर निम्मी निम्मी कापून एकमेकांवर येतील अशी घडवतात, कापाला किंचित उतार देतात आणि मध्ये एकमेकांत अडणारी पायरी ठेवतात. एक लाकूड दुसऱ्यावर वरून सरकवत ठोकले की उतारामुळे दोन्ही जवळ ओढली जातात. मग आडवी भोके पाडून कठीण लाकडाच्या चौकोनी खुंट्या ठोकतात. वाचताना सोपे वाटते, पण उतार केसभर जास्त झाला तर सांधा बसत नाही आणि केसभर कमी झाला तर तो सैल राहतो.

सांधा कसा करावा याइतकेच तो कोठे यावा हे महत्त्वाचे. दोन खांबांच्या बरोबर मध्ये तुळईला वाक सर्वांत जास्त, म्हणून तेथे सांधा नको. खांबाच्या डोक्यावर नेमका आणला तर तेथे आधीच इतर कुसांची भोके असतात, लाकूड पोखरले जाते. म्हणून एक तुळई खांबाच्या थोडी पुढे येऊ देतात आणि त्या पुढे आलेल्या टोकावर दुसरी तुळई टेकवतात. खालच्याने वरच्याला उचलून धरायचे. त्यातही झाडाचा बुंधा कोणत्या बाजूला आणि शेंडा कोणत्या, हे पाहूनच जोडणी करतात. लाकूड लांबीत फारसे आकसत नाही, पण रुंदीत आकसते. हे ज्याच्या हाताला माहीत नाही त्याचा सांधा पहिल्याच वर्षी तोंड उघडतो.

खांब आणि तुळईच्या जोडाचे भव्य उदाहरण म्हणजे नारा येथील तोदाइ-जी विहाराचा दक्षिण महादरवाजा. युद्धात जळालेला हा विहार पुन्हा उभारण्यासाठी चोगेन नावाच्या वृद्ध भिक्खूने गावोगाव फिरून दान गोळा केले. दरवाजा ११९९ मध्ये उभा राहिला. त्याचे सुमारे २० मीटर उंचीचे खांब जमिनीपासून छतापर्यंत अखंड आहेत आणि त्यांच्या पोटातून आडव्या पट्ट्या आरपार गेल्या आहेत. या पट्ट्यांना 'नुकी' म्हणतात. भोक पट्टीपेक्षा थोडे मोठे ठेवून वर पाचर मारतात. भूकंपात खांब हलतो, पट्टी भोकात किंचित घासते, धक्क्याची शक्ती त्या घासण्यात खर्च होते. पाचर सैल झाली तर पुन्हा ठोकता येते. दुरुस्ती सांध्यातच ठेवलेली आहे!

अर्थात लाकडाने सर्व काही साधते असा भाबडा समजही नको. त्याच विहाराचे महाबुद्धाचे दालन १७०९ मध्ये पुन्हा बांधून झाले तेव्हा जपानात मोठी झाडे उरली नव्हती. दालनाची रुंदी सुमारे ८६ मीटरवरून ५७ मीटरवर आणावी लागली. खांब एकसंध मिळेनात म्हणून गाभ्याभोवती लाकडे लावून लोखंडी पट्ट्यांनी आवळले. छत पेलणाऱ्या दोन मुख्य तुळयांसाठी सुमारे २३ मीटर लांबीचे पाइन वृक्ष दूर दक्षिणेच्या क्यूशू बेटावरून आणले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दुरुस्तीत छताच्या आत पोलादी कैच्या घालाव्या लागल्या. सुतार कितीही निष्णात असला तरी जंगल संपले की त्याची विद्याही अडते.

जगातील सर्वांत जुन्या लाकडी इमारती मानल्या जातात त्या नाराजवळच्या होर्यु-जी विहारात. ६७० च्या आगीनंतर पुन्हा उभारलेले तेथील सुवर्णदालन आणि पाच मजली पगोडा आज सुमारे तेराशे वर्षांचे आहेत. इतकी वर्षे ते टिकले याचे कारण हिनोकी नावाचे उत्तम लाकूड हे आहेच, पण दुसरे कारण असे की ते सुटे करता येतात. काही शतकांनी इमारत उतरवायची, प्रत्येक लाकडावर खूण करायची, कुजलेला भाग तेवढा कापून नवा तुकडा जोडायचा आणि पुन्हा उभी करायची. खांबाचा पाय कुजला तर पूर्ण खांब टाकून देत नाहीत. खालचा भाग कापून तेथे नवे लाकूड एकमेकांत गुंतणाऱ्या सांध्याने बसवतात आणि मध्ये पाचर ठोकून ते घट्ट करतात. १९३४ मध्ये या विहाराची मोठी दुरुस्ती सुरू झाली. ती चालू असताना २६ जानेवारी १९४९ रोजी सुवर्णदालनाला आग लागून अजिंठ्याशी ज्यांची तुलना होते ती भित्तिचित्रे करपली. वरचा मजला दुरुस्तीसाठी आधीच सुटा करून बाजूला ठेवला होता, म्हणून तो वाचला. पुढच्याच वर्षी जपानने सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाचा कायदा केला.

त्या दुरुस्तीत काम केलेले सुतार त्सुनेकाझु निशिओका (१९०८–१९९५) यांनी नंतर याकुशी-जी विहाराचे सुवर्णदालन आणि पश्चिम पगोडा जुन्या पद्धतीने नव्याने उभे केले. आजोबांकडून तोंडी आलेली विद्या त्यांनी पुढच्या पिढीला दिली आणि लिहूनही ठेवली. २०२० मध्ये युनेस्कोने जपानच्या लाकडी वास्तू जतन करण्याच्या १७ पारंपरिक कौशल्यांना मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली. इमारतीला नव्हे, हातातल्या विद्येला. हा फरक ध्यानात घेण्यासारखा आहे.

आपल्याकडे सामी वढकीचे सांधे गेले. पण त्याच जातीचे सांधे कोकणात आणि घाटावर जुन्या घरांत अजून आहेत. तळखड्यावर उभा खांब, त्याच्या डोक्याची कूस, तीवर बसलेली सागवानी तुळई, आडवी खुंटी. अशी घरे पाडून तेथे सिमेंटच्या इमारती होत आहेत. त्याला विरोध करण्याचे कारण नाही. राहणाऱ्याला पक्के घर हवे असते. मात्र पाडताना तुळई वखारीत जाते, आणि वखारीत सर्वांत आधी कापून टाकतात ती तिची टोके, म्हणजे नेमका सांधा. त्यापूर्वी एखाद्या विद्यार्थ्याने तेथे जाऊन टोकाचे चित्र काढावे, मोजपट्टी लावून फोटो घ्यावा. कुसेची लांबी, रुंदी आणि जाडी, खुंटीचे भोक टोकापासून किती अंतरावर, लाकूड कोणते, घर कोणत्या गावचे आणि साधारण किती वर्षांचे, एवढे लिहून घ्यावे. शक्य तर एखाद्या वयस्क सुतारकाकांना सोबत न्यावे आणि त्या सांध्याला ते काय म्हणतात तेही त्यांच्याच शब्दांत टिपून घ्यावे. कारण एकाच सांध्याला दोन गावांत दोन नावे असू शकतात.